चौघं, एक घर आणि तोंडाला कुलूप: घरातली थरारकथा कोणत्या क्रमानं लिहायची

एकत्र राहणारी चार माणसं, प्रत्येकाच्या पोटात एक गुपित, त्यातल्या दोघांचं रात्री चोरून चाललेलं काहीतरी, आणि एका सकाळी रिकामी सापडलेली खोली. या धाटणीची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात तेव्हा पहिली चाळीस पानं बहुतेक वेळा झकास असतात. मग गाडी अडते. नायिकेला काहीतरी कळायला हवं असतं आणि ते कळण्याची वाटच लेखकानं ठेवलेली नसते. मग अचानक एक डायरी सापडते. कुणीतरी दाराआड उभं राहून नेमकं हवं तेच वाक्य ऐकतं. नाहीतर शेवटच्या प्रकरणात अपराधी स्वतःच दहा पानं बोलून सगळं सांगून टाकतो.

यातल्या बऱ्याच जणांची भाषा चांगली असते. चुकतो तो क्रम. सुरुवात पहिल्या चुंबनापासून होते आणि घर कसं आहे, कोण किती वाजता झोपतं, कोणाला काय माहीत आहे, हे लिहिता लिहिता ठरत जातं. इतर कथांमध्ये हे एक वेळ खपून जाईल. इथं सगळे संशयित एकाच छपराखाली झोपतात, एकच नळ वापरतात, एकमेकांच्या पावलांचा आवाज ओळखतात. रात्री दोन वाजता कोण कुठं होतं यात एक चूक झाली की पुढची दोनशे पानं खोटी पडतात.

म्हणून पहिल्या चार टप्प्यांत कादंबरीची एकही ओळ लिहायची नाही. एक जाड वही, आलेखाचे कागद आणि चार रंगांची पेनं घेऊन बसा. या तयारीला दोन-तीन आठवडे लागतात. लागू द्या.

## टप्पा १: माणसं मोजा, मग गुपितं जोडा

पहिल्या पुस्तकासाठी घरात चारच माणसं ठेवा. यामागे साधं गणित आहे. चार माणसांमध्ये ६ जोड्या होतात, पाचांमध्ये १०, सहांमध्ये १५ आणि सातांमध्ये २१. प्रत्येक जोडीला दोन बाजू असतात, कारण तिला त्याच्याबद्दल जे वाटतं तेच त्याला तिच्याबद्दल वाटत नाही. म्हणजे चार माणसांतच १२ धागे हातात आले. त्याहून जास्त धागे सांभाळायला गेलं की दोन पात्रं नुसती जेवायच्या टेबलापुरती उरतात. पाचवं माणूस हवंच असेल तर ते घरात राहत नसावं: घरमालक, जुना भाडेकरू, अधूनमधून येणारं कुणीतरी.

सगळी पात्रं सज्ञान आहेत, हे पहिल्या प्रकरणातच स्पष्ट होऊ द्या.

मग प्रत्येकासाठी एक प्रश्न सोडवा: हे माणूस घर सोडून का जात नाही? वाचकाच्या मनात हा प्रश्न संशय सुरू झाल्याक्षणी येतो आणि उत्तर मिळेपर्यंत तो पुढचं काही मनापासून वाचत नाही. करार त्याच्या नावावर आहे, अनामत रक्कम अडकली आहे, तिचं प्रेम आहे, जे शोधायचं आहे ते याच घरात आहे. कारण कोणतंही चालेल, पण ते भीतीपेक्षा भारी असलं पाहिजे.

आता गुपितं. गुपित निवडताना मी तीन कसोट्या लावते. ते फुटलं तर त्या माणसाचं काय जाईल? या घरातल्याच कुणाला त्यानं इजा होईल का? आणि घरात त्याची एखादी वस्तू, डाग, आवाज, कागद अशी खूण आहे का? लहानपणी झालेला अपघात, दूर कुठंतरी घडलेली फसवणूक, अशी गुपितं या घराशी जोडली जात नाहीत तोवर नुसतं ओझं असतात.

पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी एकच उदाहरण धरून चालू. रेवा ही निवेदक. ती या घरात नवी आहे. तिच्या खोलीत आधी मीरा राहायची, आणि मीरा एका रात्री कुणाला न सांगता निघून गेली असं सगळे सांगतात. मीरा रेवाची बहीण आहे, हे घरात कुणालाच माहीत नाही. सारंग सगळ्यांकडून भाडं गोळा करतो, पण कित्येक महिने ते मालकापर्यंत पोचलेलं नाही. मीराला याचा सुगावा लागला होता. तन्वी सगळ्यांच्या दृष्टीनं सारंगची जोडीदार आहे, पण तेव्हा ती रात्री निखिलच्या खोलीत जायची. आणि निखिलकडे मीराचा फोन आहे.

आता गाठ बघा. मीरा गेली त्या रात्री सव्वादोनला तन्वी निखिलच्या खोलीतून परत येत होती. तिनं सारंगला मीराची बॅग जिन्यानं खाली नेताना पाहिलं. ती हे कुणाला सांगू शकत नाही, कारण पहिला प्रश्न येईल, तू तेव्हा जिन्यात काय करत होतीस? निखिलनंही आवाज ऐकला होता. तो बोलला तर तन्वी उघडी पडेल. दोन साक्षीदार आहेत आणि एकाच बिछान्यामुळे दोघांची तोंडं बंद आहेत.

या प्रकारच्या कथेत शृंगाराची खरी जागा ही आहे. ओढ माणसाला नको त्या वेळी नको त्या जागी नेते, तिथं त्याला काहीतरी दिसतं, आणि तीच ओढ त्याला बोलू देत नाही. अशी एक तरी गाठ तुमच्या आराखड्यात नसेल तर प्रणयप्रसंग कितीही तापवले तरी ते कथेच्या बाहेरच राहतील. अनेक हस्तलिखितांत ते प्रसंग काढून टाकले तरी रहस्याचं काहीच बिघडत नाही. तिथं दोन वेगळ्या कथा एकाच पुठ्ठ्यात बांधलेल्या असतात.

तपासा: प्रत्येक गुपितासमोर लिहा, "हे लपून राहायला आणखी कोणी गप्प राहणं गरजेचं आहे?" जिथं उत्तर "कोणीच नाही" असं येतं, ते गुपित बदला.

## टप्पा २: घराचा नकाशा आणि चोवीस तासांचं वेळापत्रक

आलेखाच्या कागदावर घर काढा. खोल्या कुठं आहेत एवढं पुरत नाही. दार आत उघडतं की बाहेर, पलंगाचं उसं कोणत्या भिंतीला आहे, त्या भिंतीपलीकडे कोण झोपतं, दाराखालच्या फटीतून उजेड कुठपर्यंत पडतो, स्वयंपाकघरातून जिना दिसतो का, आणि रात्री न्हाणीघरात जाताना कोणाच्या दारावरून जावं लागतं, हे सगळं नोंदवा.

मग घराच्या खोड्या लिहा. प्रत्येक जुन्या घराला त्या असतात आणि तुमच्या कथेतले अर्धे पुरावे तिथूनच येणार आहेत. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या 'गॅस लाइट' या नाटकाची अख्खी कळ अशाच एका खोडीत आहे. नवरा रात्री बाहेर जाण्याचं सोंग करून चोरून वरच्या मजल्यावर जातो आणि तिथं गॅसचा दिवा लावतो. गॅस वाटला गेल्यानं खालचे दिवे मंद होतात. बायकोला ते दिसतं आणि तिला वेडी ठरवण्याचे त्याचे बेत घराच्याच नळीतून फुटतात. 'गॅसलाइटिंग' म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावणं; हा शब्द याच नाटकातून आला. तुमच्या घरात गॅसचे दिवे नसतील, पण एक नळ सोडला की दुसऱ्याची धार बारीक होत असेल. गरम पाणी तिसऱ्या अंघोळीला संपत असेल. वायफायच्या यादीत कोणता फोन जोडलेला आहे हे कुणालाही बघता येत असेल. वॉशिंग मशीनमध्ये रात्रीतून कुणीतरी चादर धुवायला टाकत असेल.

आपल्या उदाहरणात मी दोन खोड्या घेतल्या. पहिली, जिन्याची तिसरी पायरी करकरते. जुने राहणारे सवयीनं ती ओलांडून जातात, नवं माणूस तीवर पाय देतं. दुसरी, न्हाणीघरातला आरसा. कोरड्या काचेवर बोटानं लिहिलं तर दिसत नाही, पण बोटाचं तेल काचेवर राहतं. पुढच्या वेळी वाफ धरते तेव्हा त्या रेघांवर दव वेगळं बसतं आणि अक्षरं उमटतात. काच नीट पुसेपर्यंत ती पुन्हा पुन्हा येत राहतात. तन्वी निखिलला भेटीची वेळ अशी कळवायची. फोनमध्ये काही राहत नाही, कागद सापडत नाही.

वेळापत्रकासाठी चार उभे रकाने आणि चोवीस आडव्या ओळी पुरतात. एक नेहमीचा दिवस भरा, एक सुट्टीचा. कोण कामाला जातं, कोण घरून काम करतं, कोणाची झोप सावध आहे. या कंटाळवाण्या कागदावर जिथं दोन माणसं चुकून समोरासमोर येतात, तिथं खूण करा. तुमचे प्रसंग तिथं आहेत.

सावधान: गुप्त खोल्या, चोरवाटा, खोटी कपाटं टाळा. रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथाकारानं १९२९ साली रहस्यकथेचे १० नियम मांडले. त्यात गुप्त खोली किंवा चोरवाट एकापेक्षा जास्त नको असं एक बंधन आहे. घरातल्या कथेत मी ती एकही ठेवत नाही. उघड्या घरात लपवणं जास्त अवघड आहे आणि म्हणूनच जास्त रंगतं.

तपासा: रात्रीचे दोन वाजले आहेत. प्रत्येक पात्राला त्याच्या पलंगावरून न्हाणीघरापर्यंत नकाशावर बोटानं चालवा. कोणाला दिसलं? कोणाला ऐकू आलं?

## टप्पा ३: खरी घटना सरळ लिहून काढा

कादंबरी जिथून सुरू होईल ते विसरा. आधी घडलं काय, हे कालक्रमानं, कुठलीही कलाटणी न ठेवता, तीन-चार पानांत लिहा. सारंगनं पहिल्यांदा भाडं कधी ठेवून घेतलं, का ठेवलं, मीराला त्याचा सुगावा कसा लागला, त्या रात्री जिन्यात काय बोलणं झालं, बॅग कुठं गेली. हे लिहितानाच तुम्हाला भोकं दिसतील. सारंगकडे गाडी आहे का? बॅग नेली तर फोन का राहिला?

ही भोकं आत्ता बुजवायला एक संध्याकाळ लागते. दोनशे पानांनंतर महिने लागतात.

अपराध्याची बाजूही इथंच लिहा, त्याच्या तोंडून, प्रामाणिकपणे. स्वतःच्या नजरेत कुणीच खलनायक नसतं. सारंगला अजूनही वाटतं की दोन महिन्यांत सगळे पैसे फेडता आले असते.

## टप्पा ४: कोणाला काय, कधी कळतं याची वही

हा या सगळ्या कामाचा कणा आहे आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात.

वहीचं आडवं पान घ्या. पाच रकाने करा: पहिला वाचकाचा, बाकी चार पात्रांचे. डाव्या बाजूला कथेतल्या महत्त्वाच्या गोष्टी एकाखाली एक लिहा. वीस-पंचवीस होतील. "रेवा मीराची बहीण आहे." "भाडं मालकाला मिळालेलं नाही." "तन्वी रात्री निखिलकडे जायची." "मीराचा फोन घरातच आहे." प्रत्येक चौकटीत तो तपशील त्या माणसाला कितव्या प्रकरणात कळतो ते लिहा. सोबत रंग: पक्कं माहीत असेल तर निळा, नुसती कुणकुण असेल तर हिरवा, चुकीचं काहीतरी खरं वाटत असेल तर लाल.

लाल चौकटी मोजा. तन्वीला वाटतं की रेवा तिच्या आणि निखिलच्या मागावर आहे. सारंगला वाटतं की रेवाला घरमालकानं पाठवलं आहे. दोघंही चुकतात आणि दोघंही त्या चुकीवर विसंबून पावलं उचलतात. गुपितं लपवल्यानं कथा जेवढी पुढे सरकते, त्याहून कितीतरी जास्त ती अशा गैरसमजांनी सरकते. लाल चौकटी चार-पाचपेक्षा कमी असतील तर तुमची माणसं नुसती गप्प बसून आहेत.

मग वाचकाचा रकाना बघा. नवख्या लेखकांच्या वहीत तो शेवटच्या तीन प्रकरणांपर्यंत कोरा असतो. सगळं शेवटी फोडायचं म्हणून सगळं झाकून ठेवलेलं. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. प्रेक्षकाला बॉम्बची कल्पना नसेल तर स्फोटानं १५ सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवला तर टेबलावरच्या साध्या गप्पासुद्धा १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात.

म्हणून प्रत्येक गुपिताबद्दल ठरवा: हे बॉम्ब म्हणून ठेवायचं की धक्का म्हणून? रेवा मीराची बहीण आहे हे मी वाचकाला दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी सांगेन. त्यानंतर सारंगनं नुसतं "तुझं बालपण कुठं गेलं?" एवढं विचारलं तरी वाचक दचकेल. तन्वीचं रात्रीचं जाणं-येणं मध्यावर. सारंगनं बॅग नेली, हा धक्का, तो उशिरा. चारपैकी दोन गुपितं वाचकाच्या हातात लवकर द्या आणि दोन राखून ठेवा, असं माझं ढोबळ प्रमाण आहे.

तपासा: एखाद्या चौकटीत प्रकरणाचा आकडा आहे, पण "कसं कळलं" हे तुम्ही एका ओळीत सांगू शकत नसाल, तर अजून लिहायला बसू नका. "ऐकलं" हे उत्तर सबंध पुस्तकात एकदाच वापरायची मुभा आहे.

## टप्पा ५: सांगणारं माणूस निवडा

प्रथमपुरुषी निवेदन या प्रकाराला शोभतं, कारण वाचकाला त्या खोलीत, त्या कातडीच्या आत बसता येतं. पण निवेदकालाच गुपित असेल तर एक नियम पाळावा लागतो: निवेदक हातचं राखू शकतो, खोटं सांगू शकत नाही.

"ही खोली कुणाची होती, मला काय माहीत" असं रेवा वाचकाला सांगत असेल तर ती फसवणूक झाली. "खोली बघताना मी खिडकीपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले. सारंग म्हणाला, 'आवडली वाटतं.' मी हो म्हणाले." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. सत्य कळल्यावर वाचक मागे येऊन हे वाचेल तेव्हा ते त्याला वेगळं दिसेल, आणि तो तुमच्यावर रागावणार नाही.

दोन निवेदक घ्यायचे असतील तर दोघांच्या नजरा वेगळ्या हव्यात. रेवा खोलीत शिरली की वस्तू बघते. तन्वी माणसांचे चेहरे बघते. नुसती प्रकरणावर नावं टाकून भागत नाही. अपराध्याला निवेदक करू नका, निदान पहिल्या पुस्तकात तरी. त्याच्या डोक्यात बसून तोच विचार सतत टाळणं फार कमी जणांना जमतं.

## टप्पा ६: प्रणयप्रसंग

आता लिहायला बसलात. इथं मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सर्वात जास्त बिघाड इथं होतो.

आधी वही उघडा. प्रत्येक प्रणयप्रसंगानंतर टप्पा चारच्या वहीत किमान एक चौकट बदलली पाहिजे. कुणाला काहीतरी कळलं, कुणाची कुणकुण वाढली, किंवा कुणाचा गैरसमज पक्का झाला. शरीराच्या जवळ गेल्यावरच कळू शकणाऱ्या गोष्टी वापरा: खांद्यावरचा ओरखडा, उशीखाली बंद पडलेला फोन, झोपेत घेतलेलं नाव, आणि आवाज आला की आखडणारं अंग. ज्या प्रसंगानं एकही चौकट बदलत नाही तो काढा, कितीही देखणा असला तरी.

भाषा. मराठीत हा प्रसंग लिहिताना हात दोन दिशांना घसरतो. एकीकडे संस्कृत शब्दांचा फुलोरा, बाहुपाश, अधर, देहाचं अद्वैत. दुसरीकडे एकदम शिवीगाळीचा शब्द. पहिल्यानं वाचक लांब जातो, दुसऱ्यानं बिचकतो. मधली वाट रोजच्या शब्दांची आहे. बटण, मान, तळवा, घाम, चादर, श्वास. नामांपेक्षा क्रियापदांवर भर द्या. कोणी काय केलं, समोरच्यानं काय केलं, मध्ये काय थांबलं.

असं लिहू नका:

"त्याच्या बाहुपाशात ती विरघळून गेली. दोन देह एक झाले. काळ जणू थांबला होता."

काळ थांबला म्हणजे कथाही थांबली. त्याऐवजी, रेवाच्या तोंडून:

"निखिलनं दिवा बंद केला नाही. मला ते आवडलं. मी त्याच्या शर्टाचं तिसरं बटण काढलं तेव्हा तो माझ्या बोटांकडे न बघता माझ्याकडे बघत होता. 'थांबू का?' त्यानं विचारलं. 'नको थांबूस,' मी म्हणाले आणि त्याचा हात माझ्या पाठीवर ओढून घेतला. तळवा गरम होता, थोडा खरखरीत. बाहेर जिन्यात काहीतरी हललं. माझ्या लक्षातही आलं नसतं, पण पाठीवरचा तळवा होता तिथंच थांबला. त्यानं श्वास धरला होता. मी मोजले, एक, दोन, तीन. तिसरी पायरी वाजली नाही. मग तळवा पुन्हा फिरायला लागला. आधीपेक्षा हळू, कान बाहेर ठेवून."

इथं कपडे जेमतेम उतरले आहेत, तरी वाफ आहे आणि वहीतल्या दोन चौकटी बदलल्या आहेत. जिन्यातलं माणूस घरातलं जुनं आहे. आणि निखिलला कुणाची तरी भीती आहे, जी त्यानं रेवाला सांगितलेली नाही.

कुठं तोडायचं. प्रसंग शेवटपर्यंत नेणं गरजेचं नसतं. माहिती हातात आली की दोन-चार वाक्यांत बाहेर पडा आणि सकाळवर या. वाचकाची कल्पना पुढचं काम करते. पण प्रत्येक वेळी दार बंद होण्यावरच तोडलंत तर वाचकाला वाटेल की लेखक लाजतोय. तीन-चार प्रसंगांपैकी एक पूर्ण लिहा. तो कथेच्या मध्याच्या आसपास असावा, जिथं दोघांचा विश्वास सर्वात जास्त आणि वाचकाचा सर्वात कमी असतो.

संमती. या कथांमध्ये दबाव, धाक आणि फसवणूक येणारच. ती आली की तिला तिच्या नावानं दाखवा. जबरदस्तीला गोड संगीत लावून प्रेम म्हणून विकू नका. वरच्या उताऱ्यातल्या "थांबू का?" या दोन शब्दांनी ताण कमी झाला का बघा. उलट वाढला, कारण विचारणारं माणूस विश्वासाचं वाटतं आणि तोच काहीतरी लपवतो आहे.

सावधान: पहिला प्रणयप्रसंग पहिल्या प्रकरणात घालायचा मोह आवरा. वाचकाला अजून कुणाचं काहीच पणाला लागलेलं माहीत नसतं. आधी ओढ रचा: अरुंद बोळातून एकमेकांना वाट देताना अंग चोरणं, दुसऱ्याच्या ओल्या टॉवेलचा वास, भिंतीपलीकडून ऐकू येणारं कूस बदलणं. टप्पा दोनमधला नकाशा इथं परत कामाला येतो.

## टप्पा ७: प्रकरणं बांधा आणि पुरावे पेरा

सोयीचा साचा म्हणून ३० प्रकरणं धरा, प्रत्येकी साधारण २,००० शब्द. ६०,००० शब्द होतात. दहाव्याला रेवाला पहिला ठोस पुरावा, पंधराव्याला तिनं ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्याबद्दलच शंका, पंचविसाव्याला तिचं स्वतःचं बिंग फुटणं. हा आकडा दगडावरची रेघ नाही.

पुरावा तीनदा दाखवायचा. पहिल्यांदा सहज, कशाच्या तरी ओघात. दुसऱ्यांदा मोठ्या गडबडीत, म्हणजे वाचक दुसरीकडे बघत असताना. तिसऱ्यांदा अर्थासकट. आरशाचंच घ्या. तिसऱ्या प्रकरणात रेवा अंघोळ करून बाहेर येते, धुकट काचेवर "२" असं काहीतरी दिसतं, ती पंजानं पुसते आणि केस विंचरते. नवव्यात सारंग आणि तन्वीचं कडाक्याचं भांडण होतं. तन्वी रडत न्हाणीघरात जाते आणि पाण्याचा आवाज न येताच लगेच बाहेर येते. पंधराव्यात रेवा गरम पाणी सोडून, दार लावून आरशासमोर उभी राहते. वाफ चढत जाते. "२.१५".

तंत्रज्ञानाची काळजी आधी घ्या. आज कुठलाही वाचक विचारतो, फोनवर का नाही शोधलं? मीराचा फोन निखिलकडे आहे, पण तो उघडत नाही, हे एका वाक्यात आधीच सांगून टाका.

सगळ्या चौघांना एका खोलीत फार वेळा आणू नका. तीनदा पुरे. दर वेळी टेबलावर तेच विषय असावेत, पण वाचकाला मागच्या वेळेपेक्षा जास्त माहीत असावं.

तपासा: अपराधी पहिल्या पाच प्रकरणांत आला आहे का आणि तो वाचकाला आवडला आहे का? नॉक्स यांच्या नियमांतही गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्याच भागात दिसावा ही अट पहिली आहे. आवडावा, ही माझी भर. सारंगनं रेवाचं सामान वर आणून दिलं, तिची गळकी खिडकी स्वतः दुरुस्त केली. वाचकाला हे आठवेल तेव्हा त्याला दुखलं पाहिजे.

## टप्पा ८: पुनर्लेखन, एकेका धाग्यानं

पहिला मसुदा झाला की निदान दोन आठवडे तो बाजूला ठेवा. मग छापून घ्या आणि पहिल्या पानापासून सलग वाचू नका. एका पात्राचा धागा घ्या. नुसती तन्वीची पानं ओळीनं वाचा, बाकीची उलटून टाका. सव्वादोनचं तिला माहीत आहे, हे धरून तिचं प्रत्येक वाक्य पटतं का? जिन्यापाशी ती जरा थांबते का? मीराचं नाव निघालं की ती विषय बदलते का, आणि नेहमी एकाच पद्धतीनं बदलते का? मग निखिल. मग सारंग. रेवा सर्वात शेवटी.

त्यानंतर नुसत्या वेळा वाचा. प्रत्येक प्रसंगाच्या समासात वार, तास आणि घरात कोण होतं ते पेन्सिलीनं लिहा आणि नकाशाशी ताडून बघा. मी एका हस्तलिखितात एकाच पात्राला एकाच वेळी गच्चीवर आणि तळघरात सापडलेलं पाहिलं आहे. ते लेखिकेच्या तीन वाचकांच्या नजरेतून निसटलं होतं.

शेवटी दोन माणसांना वाचायला द्या. त्यांना मत विचारू नका. दहाव्या, विसाव्या आणि सत्ताविसाव्या प्रकरणाच्या शेवटी एक-एक कोरा कागद लावून द्या. त्यावर दोन प्रश्न असू द्या: तुम्हाला आत्ता कुणाचा संशय येतो, आणि या घरात तुम्हाला रात्री कुणाच्या शेजारच्या खोलीत झोपायला आवडेल? दहाव्याला दोघांनीही सारंगचं नाव पहिल्या प्रश्नासमोर लिहिलं असेल, तर वही उघडून वाचकाच्या रकान्यातले आकडे पुढे सरकवा. दुसऱ्या प्रश्नासमोर लिहिलं असेल, तर दहाव्या प्रकरणापर्यंतच्या पानांना हात लावू नका.